मामूंची शंकावही

मागच्या वर्षी हिंगणघाटला एका वलिम्याच्या दावतीत माझ्या मामूंनी हात धुता धुता सांगून टाकलं की, ते आणि मामी आता लेकीकडे राहायला कॅनडाला जाणार आहेत. दस्तरखानावर बसलेल्या बावीस माणसांपैकी एकानेही मुबारक म्हटलं नाही. एका खालाने घास तसाच हातात धरून विचारलं, "लेकीच्या घरी?" दुसऱ्याने विचारलं, "या वयात?" मामूंचा मुलगा, माझा मामेभाऊ, नागपुरात नोकरी करतो, तो काहीच न बोलता उठून बाहेर गेला. आणि मी, जी शाळेत मुलांना 'आधी ऐकून घ्या, मग बोला' असं रोज शिकवते, ती म्हणाले, "मामू, तुम्हाला वेड लागलंय का?"

हा लेख त्या वाक्याची भरपाई म्हणून लिहीत नाही. माझ्या काही शंका आजही कायम आहेत. पण निवृत्तीनंतर परदेशी जाऊन राहायचं ठरवणारी माणसं आता वर्धा जिल्ह्यातल्या छोट्या गावांतही दिसायला लागली आहेत, आणि त्यांच्याशी आपण जे वागतो, त्याबद्दल मला काही म्हणायचं आहे.

मामू जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. वय ६६. जुन्या पेन्शनवाले. (आम्ही १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेले शिक्षक त्यांच्याकडे ज्या नजरेने बघतो, ती वेगळ्या लेखाची गोष्ट आहे. मार्च २०२३ च्या संपात मीही होते, एवढंच सांगते.) देवळीकडे तीन एकर कोरडवाहू शेती, कापूस-तूर. लेक सेवाग्रामला नर्सिंग शिकली, आधी मस्कतला गेली, आता टोरंटोजवळ एका दवाखान्यात आहे. मुलाचं नागपुरातलं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, लिफ्ट नाही. मामींचे गुडघे गेलेले. म्हणजे निर्णय काही हवेतून पडला नव्हता. पण आम्हाला तो हवेतूनच पडल्यासारखा वाटला, कारण तो सांगायची जागा चुकली.

मामूंची पहिली चूक इथे. जी गोष्ट मुलाला घरी, दार लावून, सगळ्यांत आधी सांगायची, ती त्याने चारचौघांत ऐकली. पोटच्या मुलाला लोकांसमोर कळलं की बाप आपल्याकडे न येता बहिणीकडे चाललाय. आता तो कितीही समजूतदार असला तरी त्या क्षणी त्याला एवढंच ऐकू आलं की, 'तू कमी पडलास.' पुढचे दोन महिने तो जे काही बोलला, ते थंडीबद्दल, विम्याबद्दल, विमानाच्या प्रवासाबद्दल होतं. खरं दुखणं त्याने एकदाही तोंडाने काढलं नाही. तुमच्यापैकी कोणी असा विचार करत असेल, तर हात जोडून सांगते: ज्याला सगळ्यांत जास्त लागणार आहे, त्याला सगळ्यांत आधी सांगा.

दुसऱ्या दिवसापासून मामूंच्या बैठकीत रीघ लागली. प्रत्येकाला काहीतरी सांगायचं होतं. शेवटी मामूंमधला मुख्याध्यापक जागा झाला. त्यांनी दोनशे पानी वही आणली, वर उर्दूत आणि मराठीत 'शंकावही' असं लिहिलं आणि टेबलावर ठेवून दिली. येणाऱ्याला चहा मिळणार, पण शंका तोंडी चालणार नाही. वहीत लिहायची, खाली नाव घालायचं. उत्तर पंधरा दिवसांत.

हसू नका. ही युक्ती फार कामाची निघाली. तोंडाने आपण काहीही बोलून जातो. लिहायला बसलं की अर्ध्या लोकांना कळतं की आपल्याकडे शंका नाहीच, नुसती नाराजी आहे. आमच्या एका शेजाऱ्यांनी अर्धा तास पेन हातात धरलं आणि शेवटी लिहिलं, 'थंडी फार असते म्हणतात.' मामूंनी खाली उत्तर लिहिलं, 'आपल्याकडे मे महिन्यात पारा ४६ वर जातो, तेव्हा आपण कुठे जातो?'

पण काही शंका खऱ्या होत्या, आणि त्यांची उत्तरं शोधताना मामूंनाच बरंच नव्याने कळलं. पहिली गोष्ट, 'कॅनडाला राहायला जाणं' असं जे ते म्हणत होते, ते तसं नव्हतंच. लेकीने ज्यासाठी कागद केले होते तो सुपर व्हिसा. त्यावर आईबापांना एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण ते पाहुणेच असतात, रहिवासी नाही. तिथला सरकारी आरोग्यविमा पाहुण्यांना मिळत नाही. किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचं संरक्षण देणारा खासगी विमा काढावा लागतो, आणि आधीपासून असलेल्या आजारांचं काय, हे त्या विम्याच्या बारीक अक्षरांत वाचावं लागतं. मामूंना पंधरा वर्षांपासून शुगर आहे. आईबापांना कायमचं बोलावण्याची योजना वेगळी असते; तिथे ज्यांना निमंत्रण येतं त्यांनाच अर्ज करता येतो. हे सगळं ज्या दिवशी वहीत आलं, त्या दिवशी मामू थोडे गप्प झाले. ही शंका लिहिणारा त्यांचा मुलगाच होता. ज्याला आपण 'विरोध करतोय' म्हणत होतो, त्यानेच सगळ्यांत कामाचा प्रश्न विचारला होता.

कोणीतरी लिहिलं, 'कॅनडा कशाला, दुबई जवळ आहे, अजान ऐकू येते.' कोकणातल्या आपल्या लोकांना हे विचारा. रत्नागिरीकडची कितीतरी माणसं तीस-तीस वर्षं आखातात राबली, आणि नोकरी संपली तसा राहण्याचा परवानाही संपला. आता अमिरातीत ५५ वर्षांवरच्या निवृत्तांसाठी पाच वर्षांचा व्हिसा निघाला आहे खरा, पण त्यासाठी दहा लाख दिरहमची बचत किंवा तेवढ्याची मालमत्ता, नाहीतर महिन्याची भरभक्कम मिळकत दाखवावी लागते. जिल्हा परिषदेच्या पेन्शनवर ते जमत नाही. मामूंनी उत्तरात फक्त दहा लाख दिरहमचे रुपये करून लिहिले. त्या पानावर पुढे कोणी काही लिहिलं नाही.

पेन्शनचं काय? चालू राहतं, इथल्याच खात्यात जमा होतं. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो आता आधारवर चेहरा दाखवून मोबाइलवरही होतो, नाहीतर तिथल्या भारतीय वकिलातीत जाऊन करता येतो. शेतीचं काय? आधीची शेती अनिवासी भारतीयालाही ठेवता येते, नवीन घेता येत नाही. भारतीय पासपोर्ट राहिला तर नागरिकत्वही राहतं. दुसऱ्या देशाचं घेतलं की हे आपोआप जातं. मतदान? परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला यादीत नाव ठेवता येतं, पण मत द्यायला इथल्या बूथवरच यावं लागतं.

हा शेवटचा प्रश्न वहीत एका बाईने लिहिला होता आणि तिने तो गमतीने लिहिला नव्हता. आपल्या मोहल्ल्यात कागदाची भीती काय असते, हे सांगायची गरज नाही. स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलं म्हणून आधार, रेशनकार्ड, टी.सी. घेऊन खेटे घालणारी माणसं रोज माझ्या शाळेत येतात. 'यादीतून नाव कटलं तर?' ही शंका शेजाऱ्यांच्या थंडीसारखी टोलवता येत नाही. मामूंनीही टोलवली नाही. सगळ्या कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स काढल्या. एक संच मुलाकडे, एक माझ्याकडे.

आता त्या शंकेबद्दल, जी वहीत कोणी लिहिली नाही.

मामूंचे एक जुने सहकारी आहेत, मराठीचे गुरुजी. पंचवीस वर्षं दोघं एकाच एस.टी.ने शाळेत गेले. ते घरी आले, चहा घेतला, वहीला हात लावला नाही. जाताना दारात थांबून म्हणाले, "सर, तुम्ही बी चालले? मंग आमच्या संगं कोन राहीन?" हे वाक्य प्रेमाचं होतं. गुरुजींचे डोळे भरलेले मी पाहिले. पण त्याच आठवड्यात निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी मजकूर टाकला की, काहींना इथलं पेन्शन चालतं, देश चालत नाही. नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती.

मला इथे राग येतो आणि तो मी लपवणार नाही. त्याच ग्रुपमधले किमान चार जण वर्षातले सहा महिने अमेरिकेत मुलांकडे असतात. बर्फात उभं राहून काढलेले फोटो टाकतात, आणि खाली सगळे अंगठे दाखवतात, मीही दाखवते. तिथे कोणी देशाचा हिशेब मागत नाही, मागूही नये. म्हातारा बाप लेकीकडे जातो, त्यात देशाचा काय संबंध? पण जाणारा साबीर-शब्बीर असला की त्याच्या बॅगेत कपड्यांबरोबर कौमही भरली जाते. तो गेला तर 'गेले', राहिला तर 'का राहिले'. आणि आपलेही लोक कमी नाहीत. मामूंना आपल्यातल्याच एका बुजुर्गांनी सांगितलं, "तुम्ही गेलात तर लोक आपल्याकडे बोट दाखवतील." म्हणजे एका ६६ वर्षांच्या माणसाने गुडघे दुखणाऱ्या बायकोला घेऊन कुठे राहायचं, हेही आपण समाजाच्या अब्रूवर ठरवायचं? मामूंनी ग्रुपवर उत्तर दिलं नाही. मला वाटलं होतं द्यावं. ते म्हणाले, "बेटा, जवाब सवाल को दिया जाता है. ये सवाल नहीं है." आजही मला नक्की माहीत नाही की त्यांचं बरोबर होतं की माझं.

त्यानंतरच्या रविवारी ते मला सेवाग्रामला घेऊन गेले. वर्ध्यापासून आठ किलोमीटर. शाळेच्या सहलीसोबत शंभर वेळा गेले असेन. मुलांना बापू कुटी दाखवायची, चप्पल काढायला लावायची, ओळीत उभं करायचं. मामूंनी विचारलं, "ही कुटी कोणाची?" मी म्हटलं, गांधीजींची. ते म्हणाले, आधी कोणाची? आधी ती मीराबेनची. गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला तेव्हाच्या शेगावात आले, पण त्यांच्या आधी तिथे येऊन राहिली होती ती मीराबेन, म्हणजे मॅडेलिन स्लेड, ब्रिटिश ॲडमिरलची मुलगी.

मीराबेन भारतात आल्याची गोष्ट आपण पाठ्यपुस्तकांत वाचतो. रोमां रोलांकडून गांधीजींबद्दल ऐकलं, जहाजाचं तिकीट काढलं. मग लक्षात आलं की आपली तयारी नाही, तर निघणं वर्षभर पुढे ढकललं. मांस सोडलं, सूत कातायला शिकली, जमिनीवर बसायची सवय केली, आणि नोव्हेंबर १९२५ मध्ये अहमदाबादला उतरली. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढचं पान सहसा कोणी उलटत नाही. जानेवारी १९५९ मध्ये तीच मीराबेन भारत सोडून गेली. आधी इंग्लंड, मग ऑस्ट्रिया, व्हिएन्नाजवळचा भाग, जिथे तिच्या तरुणपणीच्या दैवताचं, बीथोव्हनचं, आयुष्य गेलं होतं. १९८२ मध्ये तिथेच वारली. मधली बावीसेक वर्षं ती तिथल्या खेड्यांत राहिली.

"जाताना तिचं वय किती होतं?" मामूंनी विचारलं. मी बोटांवर मोजलं. जन्म नोव्हेंबर १८९२. सहासष्ट.

मामू हसले. मला त्यांचा मुद्दा कळला, पण मी लगेच मान्य केला नाही. मीराबेन परत आपल्या मुलखाकडे गेली. तुम्ही आपला मुलूख सोडून चाललात. ते म्हणाले, "तिचा मुलूख कोणता, हे तू कसं ठरवतेस?" तेहतीस वर्षं खादी घालून, तुरुंगात जाऊन, शेगावच्या मातीत कुटी बांधून जी बाई राहिली, ती गेली म्हणून तिचं इथलं सगळं खोटं ठरलं का? सरकारने तिला १९८१ मध्ये पद्मविभूषण दिलं, तेव्हा ती ऑस्ट्रियात होती. देश सोडला म्हणून कोणी ते अडवलं नाही. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. फक्त मनात आलं की मीराबेनला अशी सूट मिळते आणि मामूंना का नाही, हे मात्र त्या कुटीत सापडणार नाही.

मय्यतीचा प्रश्न वहीत सगळ्यांत जास्त वेळा आला होता. अकरा जणांनी, वेगवेगळ्या शब्दांत. तिकडे काही झालं तर? मिट्टी कुठे? आपल्या कब्रस्तानात नानांच्या शेजारी जागा आहे, ती सोडून कुठल्या बर्फात? आमच्या खालूंनी रंगूनला दफन झालेल्या बहादूरशाह जफरचा दाखला दिला आणि तो प्रसिद्ध शेरही लिहिला. (तो शेर जफरचा आहे की नाही, यावर उर्दूवाल्यांत वाद आहे, पण अशा वेळी कोण सांगणार!) मामूंनी खाली लिहिलं की, जफर स्वतःहून गेला नव्हता, इंग्रजांनी नेला होता. आणि मग बादशाह खान यांचं नाव लिहिलं. वर्धेकरांना हे नाव परकं नाही. १९३४ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर त्यांना त्यांच्या सरहद्द प्रांतात जायला बंदी होती, तेव्हा ते वर्ध्यात जमनालाल बजाज यांच्याकडे राहिले होते आणि त्याच डिसेंबरात इथूनच त्यांना पुन्हा अटक झाली. जानेवारी १९८८ मध्ये ते पेशावरात वारले, पण दफन त्यांच्या इच्छेप्रमाणे सरहद्दीपलीकडे, अफगाणिस्तानातल्या जलालाबादला झालं. स्वतःचं गाव उत्मानझई राहिलं बाजूला. लढाई चालू असलेल्या मुलखात जनाजा गेला. 'ज्या माणसाने आयुष्यभर घरी जायला परवानग्या मागितल्या, त्याने कबरीची जागा स्वतः निवडली,' एवढंच मामूंनी लिहिलं.

दीनच्या बाजूने पाहिलं तर, जिथे मौत तिथेच, होईल तितक्या लवकर दफन करावं, असंच बहुतेक उलेमा सांगतात. टोरंटोच्या आसपास मुस्लीम कब्रस्तानं आहेत, लेकीने चौकशी केली होती. तरीही मी खरं सांगते, हे उत्तर वाचून मला बरं वाटलं नाही. मयत तिकडे झाली तर व्हिसा, तिकीट, दोन विमानं; आपण तिसऱ्या दिवशी पोहोचणार, तेही पोहोचलो तर. आपण मिट्टी द्यायला नसू. ही शंका मामूंची नव्हतीच, ती आमची होती. त्यांच्या मौतीची काळजी म्हणून आम्ही आमचंच दुःख अकरा वेळा वहीत लिहिलं होतं.

आणि ते 'लेकीच्या घरी?' सूरह बनी इस्राईलमध्ये आईबापांशी कसं वागावं, हे सांगितलं आहे. ते मुलग्यांना वेगळं आणि मुलींना वेगळं सांगितलेलं नाही. म्हातारपणी बापाने लेकीकडे पाणी पिऊ नये, ही रीत आपण कुराणातून आणलेली नाही. ती आपण सगळ्यांनी, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून सांभाळली आहे. मुलीला शिकवायचं, तिच्या पगारावर भावाच्या शिक्षणाची फी भरायची, आणि तिने 'अब्बा, माझ्याकडे या' म्हटलं की दस्तरखानावर घास थांबवायचा. त्या खालांच्या दोन्ही मुली नोकरी करतात, हे मुद्दाम लिहिते. त्या हा ब्लॉग वाचतात.

या सगळ्या तीन महिन्यांत एका माणसाने वहीत काही लिहिलं नव्हतं, आणि ते माझ्याही फार उशिरा लक्षात आलं. मामी रोज पंधरा-वीस कप चहा करत होत्या. वर्षानुवर्षं मोहल्ल्यातली लग्नं, बाळंतपणं, भांडणं सोडवणारी ही बाई. इंग्रजी येत नाही. सख्खी बहीण आर्वीला अंथरुणावर. एका दुपारी भांडी पुसताना मी विचारलं, मामी, तुम्हाला जायचंय का? त्या म्हणाल्या, "सबने तेरे मामू से पूछा. मुझसे तू पहली पूछ रही है." मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नातीला बघायचं होतं त्यांना, फार. पण घर विकायला काढलंय हे त्यांना दलाल मोजमाप घ्यायला आला तेव्हा कळलं होतं.

मी वही आणून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी उर्दूत दोन ओळी लिहिल्या. पहिली, घर विकायचं नाही. दुसरी, रमजान इथे.

मामूंनी त्या पानाखाली उत्तर लिहिलं नाही, फक्त सही केली. जिल्हा परिषदेचं परिपत्रक मिळाल्यावर करायचे तशी, तारखेसह. पाच वर्षांचं ठरलेलं सहा महिन्यांवर आलं. घर तसंच राहिलं. मुलगा विमानतळावर सोडायला आला आणि बापाच्या बॅगेत त्याने शुगरच्या गोळ्या मोजून, महिन्यागणिक चिठ्ठ्या लावून भरल्या.

जाऊन सात आठवडे झालेत. आमची इशा झाली की त्यांच्याकडे सकाळ असते, तेव्हा फोन येतो. पहिल्याच फोनवर मामूंनी सांगितलं की तिथे किबला ईशान्येकडे आहे. आपल्या जिल्ह्यात आपण जन्मभर सरळ पश्चिमेला तोंड करून उभे राहतो. ते म्हणाले, अजून रोज नियत बांधण्याआधी पाय आपोआप पश्चिमेला वळतात, आणि नात येऊन त्यांना धरून फिरवते. घराची चावी माझ्याकडे आहे. दर शुक्रवारी जाऊन खिडक्या उघडते, अंगणातल्या लिंबाला पाणी घालते. वही बैठकीतल्या टेबलावरच आहे. परवा गेले तर मराठीचे गुरुजी फाटकाशी उभे होते. आत आले, बसले, आणि पहिल्यांदाच वही पुढे ओढून काहीतरी लिहिलं. मी अजून वाचलेलं नाही. उत्तर द्यायचं आहे ते मामूंनी.